एकाच पातेल्यातले दूध

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण, स्मरणिकेसाठी शब्दबद्ध)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी विश्वस्तांनी मला बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि वडिलांच्या कापडाच्या पेढीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. तरीही आज एका आजाराविषयी बोलण्याचे मी ठरविले आहे, कारण त्या आजाराने आमच्या घरातील दोन बालके नेली. ती का गेली हे समजून घेण्यासाठी गेली काही वर्षे मी जाणकारांना विचारत आलो आणि मिळेल ते वाचत आलो. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

आमचे कुटुंब एकत्र होते. माडीचे घर, एक चूल आणि पंधरा-सोळा माणसे. माझ्या धाकट्या काकांचे पहिले अपत्य मुलगा. तो दीड वर्षाचा असताना किरकिरा झाला, त्याचे पोट फुगू लागले, अन्न नकोसे झाले. तालुक्याच्या डॉक्टरांनी पोट चाचपून ‘लिव्हर वाढले आहे, कडक लागते आहे’ असे सांगितले. पुढे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी साठले आणि काही महिन्यांतच, 1967 साली, तो गेला. दुसराही मुलगाच. 1970 साली तोही त्याच वाटेने गेला. मी त्या वेळी दहा वर्षांचा होतो. पाळणा माळ्यावर चढवून ठेवताना कोणीच काही बोलत नव्हते, एवढे मला स्पष्ट आठवते.

बोलणे सुरू झाले ते नंतर. ‘हिच्या दुधातच दोष आहे’, ‘हिच्या कुशीला मूल टिकत नाही’, ‘पूर्वजन्मीचे काही असेल’. ही वाक्ये बाहेरच्या माणसांची नव्हती, आमच्याच स्वयंपाकघरातील होती. काकू ती खाली मान घालून ऐकत असत.

माझ्या मनात मात्र एक प्रश्न लहानपणापासून अडकून राहिला. घरातील सर्व मुलांचे दूध एकाच मोठ्या पितळी पातेल्यात तापत असे. मी त्याच पातेल्यातले दूध प्यायलो, माझी भावंडे प्यायली. आम्ही वाढलो आणि ती दोघे गेली, असे का व्हावे?

या आजाराला वैद्यकात ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’, म्हणजे भारतीय बालकांमधील यकृताचा कठीणपणा, असे नाव आहे. त्याचे पहिले वर्णन 1887 साली कलकत्त्यात डॉ. सेन यांनी केले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे हा आजार भारतातील घराघरांतून बालके नेत राहिला. बहुतेक रोगी सहा महिने ते पाच वर्षे या वयाचे असत. त्यांत मुलींपेक्षा मुलगे अधिक असत आणि एकाच आईबापांची दोन-दोन, तीन-तीन मुले जाण्याची उदाहरणे पुष्कळ होती. विशेष म्हणजे हा उपासमारीचा आजार नव्हता. खेड्यापाड्यांतील खाऊनपिऊन सुखी, दूधदुभते असलेल्या घरांत तो अधिक आढळे.

यावर प्रकाश पडला तो 1970 च्या दशकाच्या अखेरीस. अशा बालकांच्या यकृताचे तुकडे तपासले असता त्यांत तांबे भरलेले आढळले, आणि 1979 साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्याविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. निरोगी माणसाच्या यकृताच्या एक ग्रॅम सुक्या भागात साधारणपणे 50 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबे असते. या बालकांत ते कित्येकदा 1,000 मायक्रोग्रॅमच्याही वर होते. आता प्रश्न असा की दूध पिणाऱ्या बाळाच्या पोटात इतके तांबे आले कोठून?

त्याचे उत्तर शोधण्याचे फार मोठे काम आपल्या पुण्यात झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आजारी बालकांच्या घरची दुधाची भांडी आणि दूध पाजण्याची पद्धत यांचा शोध घेतला. 1983 साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडले की, बाळाला फार लवकर वरचे दूध सुरू करणे आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवणे हे या आजाराचे संभाव्य कारण असावे. 1987 साली त्यांनी आजारी मुलांची तुलना निरोगी मुलांशी केली, आणि त्या तुलनेनेही याच कारणाला पुष्टी दिली.

पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. त्यावर कथलाची कल्हई असते तोवर पदार्थाचा आणि पितळेचा संबंध येत नाही. कल्हई उडाली की ताक, आमटी कळकते, हे आपल्या प्रत्येक आजीला माहीत होते. आंबट पदार्थ पितळेत ठेवायचा नाही, हा नियम घरोघरी कसोशीने पाळला जात असे. परंतु दूध आंबट नाही. ते कळकल्यासारखे लागत नाही आणि त्याचा रंगही बदलत नाही, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. प्रत्यक्षात दुधातील केसिन हे प्रथिन पितळेतील तांबे उचलून आपल्याजवळ धरून ठेवते, असे 1989 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसून आले. त्यातच लहान बाळाचे यकृत कोवळे असते. जन्मतःच त्यात तांब्याचा साठा मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो, आणि पित्तावाटे जास्तीचे तांबे बाहेर टाकण्याची शक्ती हळूहळू येते. आईच्या दुधात तांबे अगदी थोडे असते. ज्या बाळाला पहिल्या महिन्यांतच पितळी पातेल्यातले दूध सुरू होते, त्याच्या यकृताच्या खात्यात जमा वाढत जाते आणि खर्च मात्र होत नाही.

काकूंना दूध कमी येत असे. त्यांच्या दोन्ही मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून वरचे दूध होते. मला आईचे दूध वर्षभर मिळाले होते. माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते.

पण ते अर्धेच आहे. पितळी पातेले महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत होते आणि आईला दूध कमी येणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हती. सर्व दोष पातेल्याचा असता तर घरोघरी पाळणे रिकामे झाले असते. तसे झाले नाही. काही ठराविक घरांतच, एकाच आईबापांच्या पोटी, आजार पुन्हापुन्हा आला. म्हणजे त्या बालकांच्या शरीरातही काही वेगळे असले पाहिजे.

आता मी आपल्याला थोडा वेळ दूर युरोपात नेतो, कारण या शंकेचा सर्वांत चांगला पुरावा तेथे सापडला. ऑस्ट्रियात टिरोल नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील शेतकरी कुटुंबांत अगदी असाच आजार होता. इन्सब्रुकचे डॉ. थॉमस म्यूलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी तपासून 1996 साली दाखवून दिले की, 1900 ते 1974 या काळात तेथे 138 बालके या आजाराने दगावली. तेथेही बाळाला गाईचे दूध तांब्याच्या भांड्यात उकळून देत. त्यांनी त्या कुटुंबांच्या वंशावळी मांडल्या तेव्हा असे दिसले की, आजाराची कल आई व बाप या दोघांकडून मिळाली तरच मूल आजारी पडत असे. एकाकडूनच मिळाली तर काही बिघडत नसे. तांब्याची भांडी मागे पडली आणि 1974 नंतर आजार नाहीसा झाला. रक्त तेच, कुटुंबे तीच, फक्त भांडे बदलले.

याच्या उलट बाजूचा हिशेबही आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील तीन गावांत पिण्याच्या पाण्यातच तांबे बरेच जास्त होते. तेथील लहान मुलांच्या मृत्यूच्या नोंदी तपासून 1994 साली दोन संशोधकांनी अहवाल दिला. एक मूल एक वर्ष जगले की एक ‘बालक-वर्ष’ धरायचे, अशी 64,124 बालक-वर्षे त्यांनी मोजली. त्यांत अशा यकृतविकाराने एकही मृत्यू आढळला नाही. तांबे होते, पण आजाराची कल नव्हती.

कापडाच्या धंद्यात हे मी रोज पाहतो. सुती आणि पॉलिएस्टर धाग्यांचे मिश्र कापड सुताच्या रंगाच्या कुंडात बुडविले तर सूत रंग धरते आणि पॉलिएस्टर कोरे राहते. कुंड एकच आणि रंगही एकच, परंतु धाग्याची घडण वेगळी. रंग चढण्यासाठी रंगही हवा आणि रंग धरणारा धागाही हवा. त्यामुळे दोष रंगाचा की धाग्याचा, हा प्रश्नच अपुरा आहे.

हा धागा, म्हणजे नेमका जनुक, कोणता? तांबे साठण्याचा दुसरा एक आजार आहे, विल्सनचा आजार. त्याचा जनुक 1993 साली सापडला. त्याला ‘एटीपी 7 बी’ म्हणतात आणि तो तेराव्या गुणसूत्रावर आहे. आपल्या बालकांच्या आजारामागे तोच असेल, असे वाटणे स्वाभाविक होते, परंतु दोन्ही आजारांची लक्षणे जुळत नाहीत आणि टिरोलच्या कुटुंबांत तो जनुक दोषी ठरला नाही. बेडलिंग्टन जातीच्या कुत्र्यांनाही यकृतात तांबे साठण्याचा आनुवंशिक विकार होतो. त्याचा जनुक 2002 साली सापडला. मग 2003 साली अशा बालकांमध्येही त्याचा शोध घेण्यात आला, पण तोही निर्दोष निघाला. पुढे आजारच इतका दुर्मीळ झाला की तपासण्यासाठी रोगी बालके मिळेनाशी झाली. चोर पकडला जाण्याआधीच चोरी थांबली, असे म्हणावे लागेल. मुळात तांबे हे कारण आहे की परिणाम, याविषयीही सर्वांचे एकमत नव्हते. काही ज्येष्ठ भारतीय तज्ज्ञांनी वेगळे मत मांडले आहे. अनेकांतवादाच्या परंपरेत वाढलेल्या आपण मंडळींनी तेही आदराने नोंदवून ठेवावे.

एक दिलासादायक गोष्ट सांगितली पाहिजे. शरीरातील तांबे ओढून बाहेर काढणारे पेनिसिलामीन हे औषध याच पुण्याच्या डॉक्टरांनी या बालकांना देऊन पाहिले. आजार फार पुढे गेला नसेल तर मुले वाचू लागली. विल्सनच्या आजारात औषध जन्मभर घ्यावे लागते. येथे मात्र बऱ्या झालेल्या मुलांना ते पुढे बंद करता आले. तांबे पोटात जाणे थांबले की कल असूनही मूल निरोगी राहू शकते, हेच त्यावरून दिसते. त्यातच घरोघरी स्टेनलेस स्टील आले. जुन्या साड्यांवर स्टीलची पातेली देणारी बोहारीण दारोदार फिरू लागली. आपण बालकांचे प्राण वाचवीत आहोत, हे त्या बिचारीला ठाऊकही नव्हते.

बंधू-भगिनींनो, हे सारे वाचत असताना मला वारंवार आपल्या पाठशाळेत शिकविलेल्या दोन शब्दांची आठवण झाली. ते शब्द म्हणजे उपादान आणि निमित्त. वस्तूची आंतरिक योग्यता ते उपादान, बाहेरून मिळणारे साहाय्य ते निमित्त. कर्मदेखील द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव यांची जोड मिळाल्यावर उदयाला येते, असे आपले आचार्य सांगतात. विज्ञान आणि धर्म एकच आहेत असा दावा मी करीत नाही, तेवढा माझा अधिकार नाही. परंतु कार्य एका कारणाने घडत नसते, हे आपल्याला लहानपणीच शिकविले होते आणि तरीही आम्ही सगळा भार एका स्त्रीच्या माथी ठेवून मोकळे झालो. ‘पूर्वजन्मीचे असेल’ हे वाक्य सिद्धान्त म्हणून उच्चारलेले नव्हते, ते दूषण होते. दुसऱ्याच्या कर्माचा हिशेब मांडणे केवलज्ञानी पुरुषांनाच शक्य आहे. आम्ही तो स्वयंपाकघरात बसून मांडला.

काकू 2016 साली गेल्या. त्याच्या काही महिने आधी मी त्यांना ही सारी हकिकत सांगितली. वाटले होते, त्यांच्या मनावरचे ओझे उतरेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे माझ्या दुधात दोष नव्हता ना?” मी म्हणालो, “नव्हता, काकू. उलट ते पुरले असते तर बरे झाले असते.” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “पण पातेले तर चुलीवर मीच ठेवत होते रे.”

या वाक्याची मला कल्पना नव्हती. एक ओझे उतरविताना मी दुसरे ठेवले होते. त्या वेळी मला सुचले ते मी बोललो आणि आज आपल्यासमोर तेच पुन्हा सांगतो. आपल्या शास्त्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला मध्यवर्ती स्थान दिले आहे. केवळ प्राण गेल्याने हिंसेचा दोष लागत नाही, त्यामागे प्रमाद आहे का हे पाहिले जाते. ज्या काळी मोठमोठ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते, त्या काळी बाळासाठी पहाटे उठून दूध तापविणाऱ्या आईच्या हातून प्रमाद घडला असे कोण म्हणेल? “तुमच्या हातून माया घडली, काकू,” असे मी म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. माझा हात मात्र त्यांनी बराच वेळ धरून ठेवला.

परंतु ज्यांना आता ठाऊक झाले आहे, त्यांना ही सूट नाही. ज्ञान मिळाल्यानंतरचे दुर्लक्ष हा प्रमादच आहे. म्हणून यत्नाचार म्हणा, जयणा म्हणा, त्या दृष्टीने चार गोष्टी सांगून मी थांबतो.

पहिली गोष्ट भांड्याची. सध्या तांब्याच्या बाटल्या, पितळेची पातेली पुन्हा हौसेने घरात येत आहेत. मोठ्यांच्या आवडीविषयी मला बोलायचे नाही. परंतु तान्ह्या बाळाचे दूध अथवा दूध कालविण्याचे पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवू नये आणि ठेवूही नये. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध मिळावे, आणि ते मिळण्यासाठी सुनेला विश्रांती, पोटभर अन्न व घरच्यांची साथ मिळावी, ही जबाबदारी सर्व कुटुंबाची आहे.

दुसरी गोष्ट काविळीची. जन्मानंतर दोन आठवडे उलटूनही बाळाचे डोळे पिवळे दिसत असतील, किंवा शी मातीसारखी पांढुरकी होत असेल, तर उतारा, गंडा, झाडपाला यांत दिवस घालवू नयेत. पित्तनलिका बंद असण्याचा एक आजार असतो. त्याची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांच्या आत झाली तर तिचा उपयोग जास्त होतो. त्यामुळे तेथे एकेक दिवस मोलाचा असतो.

तिसरी गोष्ट भावंडांची. घरातील एका मुलाला विल्सनचा आजार निघाला तर त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी, ती ठणठणीत दिसत असली तरीही, करून घ्यावी. प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते, आणि वेळीच कळले तर औषधाने ते मूल चांगले आयुष्य जगू शकते.

चौथी गोष्ट सोयरिकीची, आणि ती सर्वांत नाजूक आहे. आपला समाज संख्येने लहान आहे. आपण आपसांतच सोयरिकी करतो आणि दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची चालही आहे. जवळच्या नात्यात एकच कल दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. त्यामुळे अशी सोयरीक जुळविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे शहाणपणाचे आहे. परंतु याचा अर्थ एखाद्या घराण्याला डाग लावावा, असा मुळीच नाही. अशी कल एकेरी स्वरूपात घेऊन निरोगी जगणारी माणसे सर्व समाजांत असतात. या सभागृहातही असतील, कदाचित मीही त्यांपैकी एक असेन. माझे वडील आणि काका सख्खे भाऊ होते. जी कल त्यांच्याकडून त्या दोन बाळांकडे गेली, ती माझ्याकडे आली नसेल असे मी कशावरून म्हणू? म्हणून ‘त्या घरात मुले टिकत नाहीत’ असे बोलताना जिभेला लगाम असावा. ते घर उद्या आपलेही असू शकते.

दरवर्षी पर्युषणानंतर आपण एकमेकांची क्षमा मागतो. ज्याच्याशी वर्षभर काही घडलेच नाही, त्याची क्षमा मागणे सोपे असते. आमच्या घराने एका माउलीची क्षमा सेहेचाळीस वर्षे मागितली नाही. मी मागितली तेव्हा त्यांच्या आयुष्याचे थोडेच दिवस उरले होते. आज या धर्मसभेत, आपणा सर्वांच्या साक्षीने, आमच्या कुटुंबाच्या वतीने मी ती पुन्हा मागतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी एखादी काकू, आत्या किंवा वहिनी असेल, तर पुढच्या क्षमापनेची वाट पाहू नये. आज घरी गेल्यावरच तिच्यापाशी बसावे, एवढीच नम्र विनंती.

माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!